तेविसावी उत्तरपत्रिका

कातळवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीच्या वर्गात तेवीस मुले आहेत. सोमवारी झालेल्या परिसर अभ्यासाच्या चाचणीत ‘आपल्या गावाचा कारभार कोण पाहते?’ हा प्रश्न होता. बावीस मुलांनी ‘कोंडाजी’ असे उत्तर लिहिले. कातळवाडीच्या सरपंच राजेश्वरी अमृत पिंगळे आहेत. कोंडाजी ग्रामपंचायतीचे शिपाई आहेत.

वर्गशिक्षिका माधवीबाई रसायनशास्त्राच्या पदवीधर. त्या तळेगावला राहत आणि टाकवे बुद्रुकवरून रोज स्कूटरने कातळवाडीला येत. या वर्षी त्याला सहा वर्षे पूर्ण झाली होती. एकच चूक बावीस वेळा आढळली तर ती चूक नसून माहिती असते, हे त्यांना प्रयोगशाळेत शिकवले गेले होते. पण उत्तरपत्रिका तपासताना प्रयोगशाळा आठवतेच असे नाही. त्यांनी बावीस फुल्या मारल्या. तेविसावी उत्तरपत्रिका मानसीची होती. तिने सरपंचांचे नाव मधल्या नावासह आणि बिनचूक लिहिले होते. तिच्या पानावर बाईंनी ‘शाब्बास’ असा शेरा दिला. मग पालकांना प्रगती कळावी म्हणून त्यांनी दर महिन्याप्रमाणे तेवीसही पानांची छायाचित्रे पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. हे त्यांनी तळेगावच्या घरातून केले, कारण कातळवाडीत मोबाइलला रेंज नसते.

रेंज नसल्यामुळे गावात बातम्या पसरत नाहीत, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. पाण्याच्या टाकीच्या चढावर दोन दांड्या येतात. रोज संध्याकाळी गाव फोन घेऊन तिथे चढते, दिवसभराचे संदेश एकदम उतरवून घेते आणि त्यांवर तिथेच चर्चा करून खाली येते. सोमवारी संध्याकाळी टाकीवर उजेड जाईपर्यंत तिसरीची चाचणी वाचली गेली.

मंगळवारी प्रार्थना संपायच्या आत अमृतराव शाळेत आले. अमृतराव म्हणजे सरपंचांचे पती. त्यांचा खडी-वाळू पुरवण्याचा धंदा होता, त्यामुळे दिवसातला बराच वेळ ते गावाबाहेर असत आणि उरलेल्या वेळात सरपंच असत.

“म्याडम, पोरांनी काय लिवलंय ते बगितलं का?”

“मीच तपासलंय.”

“मंग हे शिकवलं कुनी?”

“कुणी शिकवलेलं नाही. त्यांचं चुकलंय.”

“एक चुकतं, दोन चुकत्यात. बावीस जनं एका सुरात चुकत न्हाईत. आमच्या भजनात बी न्हाई.” अमृतरावांनी खिशातून फोन काढला आणि वर्गातल्या पप्पूचे पान बाईंसमोर धरले. “येक येळ माझं नाव लिवलं असतं तर समजून घेतलं असतं. समदं मीच बगतो. पन शिपाई?”

“सरपंच तुमच्या मिसेस आहेत, अमृतराव.”

“तेच म्हनतोय मी. माझं न्हाई तर न्हाई, तिचं तरी लिवायचं.”

मग त्यांनी आवाज खाली आणला आणि खरी गोष्ट सांगितली. शुक्रवारी ग्रामपंचायतीची मासिक सभा होती. कोंडाजींना कायम करण्याचा ठराव तिच्यात यायचा होता. कोंडाजी चौदा वर्षे मानधनावर होते. चौदा वर्षांत हा ठराव तीनदा विषयपत्रिकेवर आला होता आणि तीनदा वेळेअभावी पुढे गेला होता.

“आता त्यो ठराव येनारच न्हाई,” अमृतराव म्हणाले. “पोरांच्या डोक्यात आत्तापासनं भरवतोय. उद्या हीच पोरं मतदार व्हनार.”

“ही मुलं आठ वर्षांची आहेत.”

“म्हंजे लय लांबची तयारी हाय त्याची.”

माधवीबाईंना अपराधी वाटणे स्वाभाविक होते. प्रश्न त्यांनी काढला होता, फुल्या त्यांनी मारल्या होत्या आणि छायाचित्रेही त्यांनीच टाकली होती. “मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या,” त्या म्हणाल्या. “मुलांनी हे का लिहिलं, त्याचं कारण मी सभेत सांगते. मग ठरावाचं काय ते ठरवा.”

“सांगा की. कारन मला म्हाईतच हाय,” अमृतराव म्हणाले, “पन तुमी सांगितलं म्हंजे ते शिकलेल्या मानसानं सांगितल्यावानी व्हईल.”

पहिली शक्यता कॉपीची होती. माधवीबाईंनी तीच आधी तपासली. मुलांना एकेक करून व्हरांड्यात बोलावले आणि तोंडी विचारले. दोन मुले एकमेकांशी बोलू शकणार नाहीत, अशी व्यवस्था केली. बावीस मुलांनी ‘कोंडाजीमामा’ असे सांगितले. सूर्य कुठे उगवतो हे विचारल्यावर जेवढा वेळ लागावा तेवढाच त्यांना लागला. मानसीने जरा थांबून, डोळे बारीक करून, सरपंचांचे पूर्ण नाव सांगितले.

दुसरी शक्यता पढवण्याची. “तुम्हांला हे उत्तर कोणी सांगितलं का?” असे बाईंनी साऱ्या वर्गाला विचारले. कोणी सांगितले नव्हते.

“कोंडाजीमामा तुमच्याशी बोलतात का?”

“नळाखाली पाय धुवू नका म्हनत्यात,” पप्पू म्हणाला.

“आणि काही देतात का? चॉकलेट वगैरे?”

“न्हाई देत.” वर्गाने हे किंचित तक्रारीच्या सुरात सांगितले. ती तक्रार बाईंना पुराव्याच्या दृष्टीने समाधानकारक वाटली.

संशयित स्वतः पाच वाजता हजर झाले. कोंडाजी पन्नाशीचे, उंच आणि कायम थोडे वाकलेले होते. गावाचे पाणी सोडणे, दिव्यांची बटणे दाबणे, दाखले घरोघर पोचवणे आणि मोकाट कुत्र्यांविषयीच्या तक्रारी ऐकून घेणे ही त्यांची कामे. शाळेचा नळ बंद करण्यासाठी ते रोज याच वेळेला येत. आज नळ बंद करूनही ते तिथेच उभे राहिले.

“म्याडम, म्या पोरांला काय बी सांगितलेलं न्हाई.”

“मला माहीत आहे, कोंडाजी.”

“आबा आल्तं सकाळी घरी. अंबाजी आबा. शाल घेऊन, नारळ घेऊन. म्हनलं, लोकांच्या मनातला सरपंच तूच. म्या म्हनलं, आबा, मी शिपाई हाये. तर म्हनलं, हीच तर तुजी नम्रता.” कोंडाजींनी हातातल्या पान्याकडे पाहिले. “आता नारळ परत कसा द्यायचा, सांगा. बायकोनं फोडला त्यो.”

अंबाजी आबा माजी सरपंच होते आणि सध्या विरोधी सदस्य. त्यांनाही चाचणीचा निकाल टाकीवर मिळाला होता. बावीस विरुद्ध एक असे बहुमत त्यांच्या पॅनेलला कधीच मिळाले नव्हते.

बुधवारी सकाळी एसटीच्या थांब्यावर फ्लेक्स लागला. वर ‘जनमनातील सरपंच’ असे होते आणि मध्ये कोंडाजींचा फोटो. फोटो आधारकार्डावरचा असल्यामुळे त्यात ते नुकतेच जामिनावर सुटल्यासारखे दिसत होते. खाली काळे चष्मे लावलेले अकरा शुभेच्छुक आणि सर्वांत मोठे अंबाजी आबा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘संदर्भ : इयत्ता तिसरी’ असेही छापले होते.

विनापरवाना फ्लेक्स उतरवण्याचे काम ग्रामपंचायतीत शिपायाकडे असते. कोंडाजींनी आठ वाजता शिडी आणली आणि स्वतःचा सन्मान स्वतःच्या हाताने खाली काढला. उतरवलेला फ्लेक्स जप्त माल म्हणून कार्यालयात जमा करायचा, असा नियम आहे. त्यांनी तो नीट गुंडाळला, सुतळीने बांधला आणि कपाटाच्या मागे ठेवला. दहा वाजता अमृतरावांना तो तिथे सापडला.

“बगा,” शाळेत येऊन अमृतराव म्हणाले, “जपून ठेवलाय. इलेक्शनला वापरायला.”

“त्यांनी तो उतरवलाय, अमृतराव. तुमच्याच नियमाप्रमाणे.”

“उतरवला असता तर फाडला असता. गुंडाळून कोन ठिवतं?”

कर्तव्यदक्षता आणि कारस्थान बाहेरून पुष्कळदा सारखेच दिसते. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. उपाय अमृतरावांनीच सुचवला. सरपंच नेमके कोण, हे मुलांना प्रत्यक्ष दाखवावे. दुपारच्या सुट्टीनंतर ते राजेश्वरीताईंना घेऊन वर्गात आले.

राजेश्वरीताई बारावी पास होत्या. त्यांचे अक्षर सुरेख होते आणि बोलणे कमी. सरपंच होऊन त्यांना अडीच वर्षे झाली होती. सह्यांची कागदपत्रे कोंडाजी घरी आणून देत, त्या वाचून सही करत. त्या वाचतात, ही गोष्ट कोंडाजींशिवाय कोणालाही माहीत नव्हती.

वर्गात अमृतराव बावीस मिनिटे बोलले. पाणीयोजना, रस्ता, व्यायामशाळा, पुन्हा रस्ता. मग म्हणाले, “आता सरपंच दोन शब्द बोलतील.”

“मी सरपंच आहे,” राजेश्वरीताई म्हणाल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पाहुणे वर्गात असतानाच माधवीबाईंनी तोच प्रश्न पुन्हा लिहायला दिला. उत्तरे गोळा केली. मानसी त्या दिवशी गैरहजर होती. आई तिला घेऊन वडगावला गेली होती. उरलेल्या बावीस पानांवर आशय एकच होता. सरपंच राजेश्वरीताई आहेत. कारभार कोंडाजी पाहतात. पप्पूने तिसरे वाक्य जोडले होते, ‘अमृतकाका भाषण करतात.’

अमृतराव पप्पूचे पान घेऊन तडक बाहेर गेले. राजेश्वरीताई मागे राहिल्या. त्यांनी दोन-तीन पाने शांतपणे वाचली.

“मॅडम, पोरं खोटं लिहितात का हो?”

“सहसा नाही. घाबरली तरच.”

“ही घाबरलेली नव्हती,” राजेश्वरीताई म्हणाल्या आणि पाने टेबलावर ठेवून निघाल्या.

त्या रात्री माधवीबाईंनी कागदावर सगळे निरीक्षण मांडले. कॉपी नाही. पढवणे नाही. माहितीचा अभाव होता असे म्हणावे, तर सरपंच कोण हे आता सर्वांना ठाऊक होते, तरीही उत्तर बदलले नव्हते. बावीस मुलांना काहीतरी माहीत होते. मानसीला ते माहीत नव्हते. मानसी बाकीच्यांपेक्षा वेगळी कोणत्या बाबतीत आहे? ती अभ्यासू आहे, पुस्तक पाठ करते, पहिल्या बाकावर बसते. पण पहिल्या बाकावर आणखी तीन मुले बसतात. कागद तिथेच संपला.

गुरुवारी मानसी शाळेत आली ती चष्मा लावून. मागच्या महिन्यात आरोग्य तपासणीचे पथक आले होते. तिला लांबचे दिसत नाही, असे त्यांनी तिच्या पालकांना चिठ्ठीने कळवले होते. शाळेला चिठ्ठी नव्हती. वडगावच्या दुकानातून आदल्या दिवशी मिळालेला चष्मा निळ्या काड्यांचा होता आणि मानसी त्यातून सगळ्या जगाकडे क्रमाक्रमाने पाहत होती. आधी फळा, मग छताची कौले, मग फळ्याशेजारची खिडकी. गणिताचा तास अर्धा झाल्यावर तिने हात वर केला.

“बाई, सोमवारचा पेपर परत द्या ना.”

“कशाला?”

“माझं उत्तर चुकलंय. कारभार कोंडाजीमामा बघतात.”

वर्गाने समजूतदारपणे मान हलवली. उशिरा का होईना, तिला कळले होते.

“हे तुला आज कसं समजलं?” बाईंनी विचारले.

“ते काय, खिडकीतनं दिसतंय.”

माधवीबाई वळल्या. फळा पश्चिमेच्या भिंतीवर आहे आणि खिडकी फळ्याला लागून. मुले फळ्याकडे तोंड करून बसतात, म्हणजे खिडकीकडेही. शिकवणारी व्यक्ती मुलांकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे खिडकीकडे पाठ करून. माधवीबाई सहा वर्षे त्या खिडकीकडे पाठ करून उभ्या होत्या. त्या आता मानसीच्या बाकावर गुडघे दुमडून बसल्या आणि मुलांच्या उंचीवरून बाहेर पाहिले.

मैदानापलीकडे ग्रामपंचायतीचे कार्यालय आहे. अंतर चाळीस मीटर. कार्यालयाच्या खिडकीचा वरचा अर्धा भाग पावसाच्या झडीसाठी पत्र्याने बंद केलेला आहे. खालच्या उघड्या अर्ध्या भागातून एकच वस्तू स्पष्ट दिसते : पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली फिरती खुर्ची. तिच्यावर कोंडाजी बसले होते. त्यांनी फोन कानाला लावला होता. ते मान डोलवत होते, मधूनच वहीत काही लिहीत होते आणि खुर्ची किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे फिरत होती.

“ते रोज असेच बसतात?”

“अकरा ते पाच,” वर्ग म्हणाला.

“पण खुर्चीवर बसलं म्हणजे कारभार पाहतात, हे कशावरून?” हा प्रश्न सोमवारीच विचारायला हवा होता, हे विचारताविचारता त्यांच्या लक्षात आले.

“तुमीच सांगितलंत, बाई,” पप्पू म्हणाला.

माधवीबाईंनी पाठाचे टाचण उघडले. मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते : ‘सरपंच कार्यालयातील खुर्चीवर बसून गावाचा कारभार पाहतात. विद्यार्थ्यांना खिडकीतून कार्यालय दाखवणे. निरीक्षणातून ज्ञान.’ आणि त्यांना आठवले. शिकवताना त्यांनी मागे न पाहता खांद्यावरून हात करून म्हटले होते, “ती समोर ग्रामपंचायत. तिथल्या फिरत्या खुर्चीवर बसून जे काम करतात, ते आपल्या गावाचा कारभार पाहतात. नीट बघून ठेवा.” बावीस मुलांनी नीट बघून ठेवले होते. तेविसाव्या मुलीला चाळीस मीटरवरचे दिसत नव्हते, म्हणून तिने पुस्तकात पाहिले होते.

कारण सापडले होते. अडचण अशी होती की ते कोंडाजींच्या बाजूचे नव्हते. शिपाई सरपंचांच्या खुर्चीवर रोज सहा तास बसतो, असे सभेत सांगणे म्हणजे ठरावाला स्वतःच्या हाताने पुरणे होते. मधल्या सुट्टीत त्या मैदान ओलांडून कार्यालयात गेल्या. त्यांना दारात पाहताच कोंडाजी खुर्चीवरून उठले, आणि उठताच फोन तुटला.

“गेला,” ते म्हणाले. “तालुक्याचा, वडगावचा व्हता. नळांची माहिती मागत व्हते.”

“कोंडाजी, तुम्ही या खुर्चीवर का बसता?”

“फोनसाठी. रेंज हितंच येती.”

“खुर्चीवरच?”

“व्हय. बाकड्यावर न्हाई, दारात न्हाई, कपाटापाशी न्हाई. ग्रामसेवक भाऊसायबांकडं तीन गावं हायेत, त्ये आठवड्यातनं दोनदा येत्यात. बाकीचे दिवस समदे फोन मलाच. अमृतराव तर म्हनलेत, फोन लागला न्हाई तर घरी बसवीन.”

“मग खुर्ची सरकवून तिथं तुमचं स्टूल ठेवा.”

“सरपंचांची खुर्ची हलवायची तर परवानगी लागती, म्याडम.”

“मग मागा.”

“मागायची तर फोन करावा लागतो,” कोंडाजी म्हणाले, “आन् फोन करायचा तर खुर्चीवर बसावं लागतं. बसून मागावी, तर ते बरं दिसत न्हाई.”

माधवीबाईंना या युक्तिवादात दोष सापडला नाही.

शुक्रवारी अकरा वाजता सभा सुरू झाली. फिरती खुर्ची रिकामी होती. सभेत ती नेहमीच रिकामी असते. अमृतराव सदस्य नसल्यामुळे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, आणि नवरा प्लास्टिकच्या खुर्चीवर असताना आपण फिरत्या खुर्चीवर बसणे राजेश्वरीताईंना पहिल्या सभेत अवघड वाटले होते. पहिल्या सभेचा पायंडा पडला. अंबाजी आबा भिंतीशी बसले होते. कोंडाजी दारात उभे होते आणि नेहमीपेक्षा चार अंश जास्त वाकलेले होते.

माधवीबाईंनी काहीही न लपवता सांगितले : मुलांनी खिडकीतून पाहिले, खुर्चीवर कोंडाजी दिसले, आणि खुर्चीवरचा माणूस कारभार पाहतो हे त्यांना स्वतः बाईंनी शिकवले होते.

“ऐकलं का समद्यांनी?” अमृतराव म्हणाले. “बसतोय. खुर्चीवर बसतोय.”

“का बसतात ते अजून सांगायचं आहे. कोंडाजी, तुमचा फोन द्या.”

त्यांनी पर्समधून खडू काढला. फोन हातात धरून त्या कार्यालयात जागोजाग थांबल्या आणि प्रत्येक ठिकाणी फरशीवर आकडा लिहिला. दारात शून्य. कपाटाजवळ शून्य. बाकावर शून्य. टेबलाच्या अलीकडे शून्य. टेबलाच्या पलीकडे, खुर्चीशेजारी उभे राहून, शून्य.

“उभ्यानं येत न्हाई तर बसून कशी येईल?” अंबाजी आबांनी विचारले.

“उभं राहिलं की आड पत्रा येतो. बसल्यावर फोन उघड्या भागासमोर येतो, आणि समोर टाकीची बाजू आहे.”

“द्या हिकडं, मी बगतो,” अमृतराव म्हणाले. त्यांनी फोन घेतला, टेबलाला वळसा घातला आणि फिरत्या खुर्चीवर बसले. दोन दांड्या उमटल्या. त्यांनी मागे टेकून पाहिले, दांड्या टिकल्या. तेवढ्यात फोन वाजला.

“हॅलो. मी अमृत पिंगळे बोलतोय... पिंगळे... आवो, सरपंचांचा... न्हाई, कोंडाजी न्हाई, मी...” ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी फोन कानापासून दूर केला. “वडगाववाले हायेत. म्हनत्यात, कोन्या पिंगळ्याचं काम न्हाई. कोंडाजींना द्या.”

अंबाजी आबांना खोकला आला.

याच वेळी दारात पप्पू उभा राहिला. त्याला वर्गाने पाठवले होते.

“बाई, सगळी विचारत्यात. आता खुर्चीवर अमृतकाका आलेत. उत्तर बदलायचं का?”

राजेश्वरीताई उठल्या. त्या टेबलाच्या पलीकडे गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “उठा तिथनं. पोरं बघतायत.”

अमृतरावांनी खिडकीतून पाहिले. मैदानापलीकडच्या खिडकीत बावीस डोकी होती आणि त्यांतल्या एकीला निळ्या काड्यांचा चष्मा होता. ते उठले, आणि उठताच फोन तुटला. राजेश्वरीताईंनी खुर्चीवरचा टॉवेल सरळ केला आणि त्या बसल्या. फोन त्यांनी आपल्याकडे घेतला आणि तो पुन्हा वाजताच स्वतः उचलला. “सरपंच बोलतेय. नळजोडण्या एकशे शहाण्णव. माझ्या सहीचा कागद गेल्या महिन्यातच पाठवलाय, बघून घ्या.” मग फोन टेबलावर ठेवून म्हणाल्या, “पहिला विषय कोंडाजींना कायम करण्याचा. वेळ भरपूर आहे. कोणाचा विरोध?”

अमृतरावांना सभेत मत नव्हते. विरोध असता तर तो अंबाजी आबांचा असता, पण कोंडाजींविरुद्ध बोलायला त्यांचाच फ्लेक्स आड येत होता. ठराव मंजूर झाला. कोंडाजी दारात पहिल्यांदाच सरळ उभे राहिले आणि चौकटीला त्यांचे डोके लागले.

“आता म्या फोन कुटं घेऊ?” त्यांनी विचारले.

“अकरा ते पाच मी इथं असेन. मी घेईन,” राजेश्वरीताई म्हणाल्या. “पण एवढ्या गावात एका खुर्चीपुरती रेंज का, ते मला समजत नाही. टॉवर का नाही आपल्याकडं?”

“म्या तर पयल्यापासनं म्हनतोय, टॉवर पायजे,” अंबाजी आबा म्हणाले.

“मी बी,” अमृतराव म्हणाले.

कोंडाजींनी कपाटामागून डोकावणारा फ्लेक्स बाजूला केला, कपाट उघडले आणि पाच वर्षांपूर्वीचे प्रोसिडिंग बुक काढले. पान त्यांना पाठ होते. ते त्यांनी सरपंचांसमोर ठेवले. राजेश्वरीताईंनी वाचले, दोघांकडे एकेकदा पाहिले आणि बुक माधवीबाईंकडे सरकवले.

दुपारी शाळेत परतल्यावर माधवीबाईंनी बावीस फुल्या खोडल्या आणि सर्वांना पूर्ण गुण दिले. मानसीलाही दिले. ते तिला पटले नाही, कारण तिने तेव्हा न बघताच लिहिले होते. त्यानंतर बाईंनी टाचणाच्या वहीत पाठासमोर पुढील नोंद केली.

‘बावीस विद्यार्थ्यांनी जे पाहिले ते लिहिले. कुठे पाहायचे हे मी, स्वतः न पाहता, सांगितले होते. कोंडाजी खुर्चीवर बसत, कारण गावठाणात रेंज फक्त तिथे होती. रेंज फक्त तिथे होती, कारण गावात टॉवर नाही. गावात टॉवर नाही, कारण टॉवरच्या किरणांनी आंब्याचा मोहर गळतो या कारणास्तव पाच वर्षांपूर्वी ग्रामसभेने टॉवरला जागा नाकारली. त्यानंतर आंब्याला मोहर पूर्वीप्रमाणेच, म्हणजे एका वर्षाआड, आला आहे. ठराव क्रमांक सात. सूचक : अमृत पिंगळे. अनुमोदक : अंबाजी आबा. ठराव एकमताने मंजूर.’